जखमेची जन्मवेळ

त्रिशला उपाध्येला जखमांची किळस येत नसे, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. अठरा वर्षांच्या नोकरीत तिने एकही जखम जवळून पाहिली नव्हती. ती जखमा फक्त वाचत असे.

मिरजेतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर, जिथे औषधांचा वास पोचत नाही आणि चहा मात्र वेळेवर पोचतो, तिथे कोडिंग विभाग होता. काम ऐकायला सोपं. डॉक्टर आणि नर्स जे लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला जगाने ठरवून दिलेला आकडा लावायचा. जखम कुठे आहे, किती खोल आहे, कशामुळे झाली, डावीकडे की उजवीकडे, सगळ्याला वेगळा आकडा. बदकाने चोच मारली तर त्यालाही त्या पुस्तकात आकडा होता, आणि नवीन माणूस कामाला लागला की त्रिशला त्याला पहिल्या दिवशी तोच शोधायला लावायची. बिल त्या आकड्यांवर बनतं. विमा कंपनी आकडाच वाचते. रुग्णाचं कण्हणं आणि त्याच्या बायकोचं रडणं तिच्यापर्यंत जात नाही.

या कामाचा एक कडक नियम होता. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेच खरं धरायचं. आपल्याला काय वाटतं, काय ठाऊक आहे, याला किंमत नाही. नोंद अपुरी वाटली तर डॉक्टरांना प्रश्न पाठवायचा, तोही असा की त्यात उत्तर सुचवलेलं नसेल. त्रिशला हा नियम देवासारखा मानायची. आणि ‘अनिर्दिष्ट’ नावाचा जो एक आळशी आकडा असतो, कारण ठाऊक नसलं की लावून मोकळं व्हायचा, त्याचा तिला मनस्वी तिटकारा होता. हाताखालच्या कुणी तो लावलाच तर ती चष्मा काढून त्याच्याकडे बघायची. तेवढं पुरायचं.

दोन वर्षांपूर्वी या विभागाच्या आयुष्यात घड्याळ आलं. दिसायला ती एक पातळ पारदर्शक पट्टी होती, जखमेवर सहा तास चिकटवून ठेवायची. शरीर जखम बुजवायला घेतं तेव्हा ठरलेल्या क्रमाने घेतं. आधी रक्त साकळतं, मग जंतूंशी लढणाऱ्या पेशी धावतात, मग सफाई करणाऱ्या येतात, मग कोलॅजनचे धागे विणले जातात, सुरुवातीला कच्चे आणि पुढे पक्के. फुटलेल्या रक्तपेशींमधलं लोहसुद्धा ठरल्या वेळानेच रूप बदलतं. तव्यावरच्या भाकरीचा रंग बघून ती किती वेळ भाजली हे बाईला कळतं, तसं झिरपणाऱ्या स्रावात यातलं काय किती आहे हे मोजून पट्टी जखमेचं वय सांगायची. महिन्याच्या आतली जखम असेल तर चूक फार तर दोन तासांची.

शय्याव्रणाच्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, टाचांना होणाऱ्या जखमांच्या बाबतीत तर या पट्टीने उलथापालथ केली. अशी जखम वरून आत जात नाही, आतून वर येते. माणूस एकाच जागी पडून किंवा बसून राहिला की हाड आणि गादी यांच्यात मांस चिमटतं, बारीक रक्तवाहिन्या दबतात, काही तासांत हाडालगतचं मांस मरतं. कातडीवर मात्र दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. म्हणून पूर्वी सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. नातेवाईक म्हणत, वॉर्डात झालं. वॉर्ड म्हणे, घरून आणलं. आता पट्टी थेट जन्मवेळ सांगत होती आणि भांडणच संपलं होतं.

भांडण संपलं, पण दोष कुणाचा हे लख्ख दिसू लागलं. वेळ वॉर्डातली निघाली तर जबाबदारी रुग्णालयाची आणि डाग त्या पाळीच्या नर्सवर. घरातली निघाली तर कागद आपोआप जिल्ह्याच्या निगा कक्षाकडे जायचा. नव्या कायद्याने अंथरुणावरच्या प्रत्येक वृद्धामागे एक नोंदणीकृत निगाकार असायलाच हवा होता, प्रशिक्षण घेतलेला आणि परीक्षा दिलेला. असा कागद गेला की त्याची नोंदणी तीन वर्षं रद्द व्हायची आणि म्हाताऱ्याला त्या घरी परत पाठवत नसत. त्रिशलाने असे दोनशेच्या वर कागद पाठवले होते. ते पुढे कुणाच्या दारात जाऊन पडतात याचा विचार तिने केला नव्हता, आणि तो तिने करावा अशी अपेक्षाही कुणाची नव्हती.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पडद्यावर नाव उमटलं. रावसाहेब मगदूम, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार जयसिंगपूर. माकडहाडाजवळ शय्याव्रण.

ते तिचे वडील. आदल्या संध्याकाळी ताप चढला म्हणून भावाने त्यांना आणून भरती केलं होतं. नात्यातल्या माणसाची फाइल उघडायची नाही हा नियम, म्हणून तिने ती न वाचताच समोरच्या टेबलावरच्या ऐनापुऱ्यांकडे सरकवली.

“माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही करा.”

ऐनापुरे निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी मान हलवली. “सावकाश जाऊन या खाली. इथं मी आहे.”

जिना उतरताना त्रिशलाच्या डोक्यात एकच नाव घोळत होतं, पद्मल. पद्मल म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, जिनेंद्रची बायको. सहा वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, तेव्हापासून त्यांचं सगळं पद्मलच करत होती. आधी घरची सून म्हणून, कायदा आल्यावर रीतसर निगाकार म्हणून. त्याच नोंदणीवर तिने पुढच्या दोन खोल्यांत गल्लीतल्या पाच म्हाताऱ्यांसाठी दिवसघर सुरू केलं होतं. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या या बायका तिला मावशीपेक्षा जवळच्या झाल्या होत्या. त्रिशला पंधरवड्यातून एकदा माहेरी जायची, आणि चहाच्या आधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “पद्मल, कूस किती तासांनी बदलतेस?” पद्मल सांगायची, “दोन तासांनी, अक्का.” दर पंधरवड्याला तोच प्रश्न, तेच उत्तर. त्रिशलाला वाटायचं आपण काळजी करतोय. पद्मलला ते कसं लागत असेल हे तिला कधी सुचलंच नाही.

आप्पा डाव्या कुशीवर होते, डोळे मिटलेले. पद्मल उशाशी उभी, जिनेंद्र खिडकीत.

“कसं झालं हे?” त्रिशलाने आवाज चढवला नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं.

“चुकलं माझं,” पद्मल म्हणाली.

“चुकलं म्हणजे? परीक्षा दिलीस तू. गुण सांगत होतीस मला, ब्याण्णव.”

“व्हय. तरी चुकलं.”

“अक्का, आता नको की,” जिनेंद्र मध्ये पडला. “इथं कशाला?”

“मग कुठं? हिच्या हातात माणूस दिलाय आपण, आणि ही म्हणते चुकलं!”

पद्मलने आप्पांच्या पायाखालची उशी जराशी वर सरकवली, टाचा गादीला टेकत नाहीत ना ते बघितलं आणि पदर खोचून परत उभी राहिली. त्रिशलाला त्या गप्प राहण्याचा जास्तच राग आला. गुन्हा कबूल करून वर शांत राहणारं माणूस समोर असलं की ओरडणाऱ्याची फजिती होते.

दुपारी तीनला ऐनापुऱ्यांनी तिला हाक मारली नाही, ते स्वतः खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी आले. तेव्हाच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

“घड्याळाचं उत्तर आलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी हे तुम्हाला सांगायला नको. पण मुलगी म्हणून तुम्हाला संध्याकाळी डॉक्टर सांगणारच आहेत. वेळ घरातलीच आहे. धूपदशमीचा दिवस, दुपारी बारा ते चार. डॉक्टर बागवानांनी लिहिलंय, निगाकार म्हणतात की हयगय माझ्याकडूनच झाली. म्हणजे मला दुसरं काही करायला वाव नाही. पाचला फाइल बंद होईल आणि कागद कक्षाकडे जाईल.”

“धूपदशमी?” त्रिशला म्हणाली.

“हो. पाच दिवसांपूर्वी.”

तिने बोटांवर दिवस मागे मोजले.

जैनांच्या दशलक्षण पर्वातल्या धूपदशमीला पद्मलने सहा वर्षांत पहिल्यांदा एक दिवस मागून घेतला होता. दिवसघरातल्या पाचही म्हाताऱ्यांना कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनाला न्यायचं तिने कबूल केलं होतं. मिनीबस ठरली, जिनेंद्र सोबत जाणार होता. आप्पांजवळ कोण थांबणार म्हटल्यावर त्रिशला म्हणाली होती, मी येते की, त्यात काय. कायद्यालाही चालत होतं. निगाकाराच्या गैरहजेरीत घरचं माणूस एक दिवस थांबू शकत होतं.

निघताना पद्मल दारात घुटमळली होती. “अक्का, खुर्चीत तासाच्या वर नका ठेवू हं त्यांना. आणि दोन तासांनी कूस…”

“मला सांगतेस?” त्रिशला हसून म्हणाली होती. “अगं, दिवसाला चाळीस बघते मी असले.”

आप्पांना दहाला चाकाच्या खुर्चीत बसवून तिने सज्जात आणलं. खाली गल्लीतून बायका धूप घेऊन देवळाकडे चालल्या होत्या. आप्पा खूश होते. लेक दिवसभरासाठी आली होती, आणि ते डाव्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्याकडे बोट करून दाखवत होते. तिने शेजारी टेबल मांडून लॅपटॉप उघडला. महिनाअखेरची घाई होती. बाराला ती उठली, खुर्चीतच त्यांना आमटीभात भरवला, तोंड पुसलं, आणि परत बसली. ते खुर्चीत जरा खाली घसरले होते, तर तिने मानेमागे उशी दिली. मग त्यांना डुलकी लागली. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा, असं तिला वाटलं. चार वाजता शेजारच्या काकांना हाक मारून दोघांनी त्यांना खाटेवर घेतलं.

आडव्या माणसाचं वजन अंगभर वाटलं जातं. बसलेल्याचं सगळं वजन मुठीएवढ्या जागेवर येतं, आणि तो घसरलेला असेल तर हाड एकीकडे जातं, कातडी मागे राहते, मधलं मांस पिळलं जातं. हे त्रिशलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने ते शेकडो वेळा वाचलं होतं.

तिने त्या दिवसाचा स्वतःच्या कामाचा तक्ता उघडला. धूपदशमी, बारा वीस ते तीन पन्नास, सदतीस फाइली. त्यांतल्या एकोणीस शय्याव्रणाच्या. तिने त्या दुपारी एकोणीस परक्या माणसांच्या जखमांना अचूक आकडे दिले होते, आणि हातभर अंतरावर तिच्या बापाचं मांस मरत होतं. तिने तक्ता बंद केला. तिला आप्पांचं ते बोट आठवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना लेक दाखवणारं, आणि मग तिला रडू आवरेना. ऐनापुरे उठून दाराशी जाऊन उभे राहिले, म्हणजे कुणी आत येऊ नये.

“मॅडम,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “माझ्या लक्षात आलंय. त्या दिवशी तुम्ही घरून काम करत होता, जयसिंगपूरहून. एक वाट आहे. कारण अनिर्दिष्ट लावतो. पट्टीची वेळ ग्राह्य धरायची की नाही हे कोडरच्या हातात असतं, मी नाही धरत. कक्षाकडे काही जाणार नाही. उद्या सकाळी जखम साफ करताना मेलेलं मांस काढतील, मग जन्मवेळ पुन्हा काढताच येणार नाही.”

“आणि वेळ नसली तर नियम काय आहे?”

नियम दोघांनाही पाठ होता. वेळ अज्ञात असेल तर जखम वॉर्डाची धरतात.

“काल रात्रपाळीला कोण होतं?”

“सिस्टर मंगल वाघमोडे.”

“त्यांच्या नावावर घालायचं?”

“मी फक्त वाट सांगितली,” ऐनापुरे म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटलेली दिसली.

ती खाली गेली तेव्हा सिस्टर मलमपट्टी बदलत होत्या. पडद्याआड पद्मलने आप्पांचं अंग स्वतःकडे वळवून धरलं होतं. त्रिशला पडदा सारून आत शिरली आणि तिने पाहिलं. वाचताना जखम नेहमी सेंटिमीटरमध्ये असायची. ही जागा तळहाताएवढी होती, कडेला जांभळी, मध्ये काळी, आणि तिला वास होता. आप्पांनी दात आवळले होते. त्रिशलाने खाटेची दांडी घट्ट धरली, पण तिने नजर काढली नाही. एवढं तरी तिने करायला हवं होतं.

सिस्टर गेल्यावर ती पद्मलला म्हणाली, “बाहेर ये जरा.”

वऱ्हांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या. समोर औषधाच्या दुकानाची रांग होती.

“तुला ठाऊक होतं,” त्रिशला म्हणाली.

पद्मलने मान डोलावली. “दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना बघितलं. लाल झालं होतं. बोटानं दाबलं तरी पांढरं होईना. तवाच कळलं.”

“मग मला फोन का नाही केलास?”

“केला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, अक्का?”

त्रिशलाला उत्तर माहीत होतं.

“तुम्ही म्हणाला असता, माझ्या समोर तर काही झालं नाही, तुझंच जुनं असंल.” पद्मलच्या आवाजात राग नव्हता, फार दिवस आत ठेवलेली एक गोष्ट होती. “सहा वरसं विचारताय, कूस किती तासांनी बदलतेस. एकदा तरी माझं उत्तर खरं मानून गप बसला असता, तर मी त्याच सकाळी तुम्हाला सांगितलं असतं. मला वाटलं, आपणच बरं करू. चार दिवस त्यांना त्या बाजूला टेकूच दिलं नाही. पण आतून वाढत गेलं. ताप चढला तवा आणलं. म्हणून म्हणाले, चुकलं. ते खोटं न्हाई.”

“पण नोंदणी जाईल तुझी. दिवसघर बंद होईल. आप्पांना घरी नाही पाठवणार.”

“माहितीय.”

“मग माझं नाव का नाही सांगितलंस डॉक्टरांना?”

“तुमची नोकरी जाईल की. तुम्ही हुशार, तुमचं नाव आहे इथं. आणि खरं सांगू?” पद्मलने पदराने तोंड पुसलं. “मी सांगितलं असतं आणि तुम्ही ते माझ्या तोंडावर खोटं पाडलं असतं, तर मला आप्पांचं पुढं करवलं नसतं. त्यापरीस हे बरं.”

सहा वर्षांची सगळी चौकशी त्रिशलाच्या अंगावर एकदम आली. तिने आपल्या भावजयीला असं करून ठेवलं होतं की खरं बोलण्यापेक्षा आळ घेणं तिला सोपं वाटत होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता यातली अडचण अशी, की त्रिशला वर जाऊन फाइलमध्ये एक अक्षरही घालू शकत नव्हती. कोडरला ठाऊक असून उपयोग नाही. डॉक्टरांनी लिहायला हवं. निगा कक्षाच्या नमुन्यात एक रकाना होता, ‘जन्मवेळी रुग्णाजवळ प्रत्यक्ष असलेली व्यक्ती’. तो कधीच कुणी भरत नसे. त्या वेळी घरात कोण होतं, हे सांगायला कोण येणार? त्रिशलाने दोनशेच्या वर कागदांवर तो रकाना कोरा पाठवला होता, आणि कोरा असला की यंत्र तिथे निगाकाराचं नाव टाकून मोकळं व्हायचं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, त्या दोनशेतल्या कितींच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं असेल.

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि डॉक्टर समीना बागवान यांच्या खोलीबाहेर नातेवाइकांच्या रांगेत उभी राहिली. पुढे दोघं होते. तिने कुणाला पुढे जाऊ द्या म्हटलं नाही.

“उपाध्ये मॅडम, तुम्ही रांगेत कशाला?” डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्रिशलाने त्यांना प्रश्न पाठवून पाठवून नीट नोंदी लिहायला शिकवलं होतं. “तुमचा प्रश्न आला असता की पडद्यावर.”

“मी कोडर म्हणून आले नाही. खाट क्रमांक बाराची मुलगी म्हणून आलेय. मला माहिती द्यायची आहे, आणि ती तुम्ही माझ्या शब्दांत लिहायची आहे.”

तिने सगळं सांगितलं. दहाला बसवलं, चारला उतरवलं, सहा तास. निगाकाराने जाताना बजावलं होतं हेसुद्धा. डॉक्टर बागवान लिहिता लिहिता थांबल्या.

“हे लिहिलं की तुमच्या प्रमाणपत्राचं काय होईल, तुम्हाला कळतंय ना?”

“ज्याच्याकडून हयगय होते त्याचं प्रमाणपत्र थांबतं, निगेचं असो की कोडिंगचं. तीन वर्षं जखमांच्या फाइलींना हात लावता येणार नाही. मीच हा आकडा दोनशे वेळा लावलाय.”

“आणि वहिनींनी काल दिलेला जबाब?”

“तोही राहू द्या. लाली दिसल्यावर चार दिवस तिने घरीच उपाय केला, हे खरं आहे. तो उशीर तिचा. पण जखम जन्मली तेव्हा ती बाहुबलीला होती. दोन्ही लिहा. एकही अनिर्दिष्ट ठेवू नका.”

चार वाजून बावन्न मिनिटांनी वर ऐनापुऱ्यांच्या पडद्यावर नवी नोंद आली. त्यांनी ती दोनदा वाचली, रकान्यात ‘त्रिशला उपाध्ये, मुलगी’ असं भरलं, उशिरा आणल्याचा किरकोळ शेरा पद्मलच्या नावापुढे ठेवला, आणि फाइल बंद केली. मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दुसरा दिवस क्षमावाणीचा होता. पर्व संपलं की जैनांच्या घराघरांत सगळे एकमेकांची क्षमा मागतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर. त्रिशलाच्या मोबाइलवर सकाळपासून हात जोडलेली चित्रं येत होती, आणि तिनेही दरवर्षीसारखी ती सगळ्यांना पाठवली होती, पद्मलला सोडून.

आप्पांची जखम साफ करून झाली होती. ते गुंगीत होते. त्रिशला पद्मलसमोर उभी राहिली. शब्द पाठ होते, लहानपणापासून म्हणत आली होती, पण आज तिने ते बाजूला ठेवले.

“पद्मल, क्षमा कर मला. धूपदशमीबद्दल कर, आणि त्याच्या आधीच्या सहा वर्षांबद्दल पण.”

पद्मलचे डोळे भरले. “केली, अक्का. तुम्हीबी करा. मी फोन करायला पायजे होता.”

“केली.”

जिनेंद्र खिडकीतून म्हणाला, “माझी क्षमा कुणी मागणार हाय का नाही?” आणि तिघांनाही हसू आलं.

निगा कक्षाचा निकाल आठवड्याने आला. पद्मलला ताकीद, नोंदणी कायम. आप्पा बरे झाल्यावर घरी जाऊ शकतील. त्रिशलाचं जखमांचं प्रमाणपत्र तीन वर्षं स्थगित. रुग्णालयाने तिला हाडमोडीच्या फाइलींवर टाकलं, पगार थोडा कमी. शिवाय एक अट. नव्वद तास एखाद्या नोंदणीकृत निगाकाराच्या हाताखाली शिकल्याशिवाय तिला कुठल्याही रुग्णाजवळ एकटीने थांबता येणार नाही. जवळच्या निगाकारांच्या यादीत पहिलं नाव पद्मल मगदूम होतं. दुसरं नाव घ्यायची मुभा होती. त्रिशलाने घेतली नाही.

मग प्रत्येक शनिवार-रविवार ती जयसिंगपूरला जाऊ लागली. पद्मल हातचं राखून शिकवत नव्हती. कूस बदलताना गुडघा आधी वाकवायचा, खांदा मागून. टाच हवेत. कातडी कोरडी, पण रखरखीत नाही. दिवसघरातल्या म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून बघायच्या आणि मोठ्याने शेरे मारायच्या. “हिला शिकवणारी हिच्याहून धाकटी, बघा की!” त्रिशलाची कंबर दुखायची, पहिले दोन रविवार तिने घरी जाऊन कुणाशी बोलणं टाळलं. पण पाचव्या आठवड्यात आप्पांनी तिचा हात पाठीखाली गेल्यावर दात आवळले नाहीत, आणि ती गोष्ट तिने मिरजेला पोचेपर्यंत तीनदा आठवली.

डिसेंबरात नव्वद तास भरले. त्या रविवारी दुपारी पद्मलने कक्षाचा नमुना जेवणाच्या टेबलावर उलगडला. शेवटचा प्रश्न असा होता, ‘शिकाऊ व्यक्तीला रुग्णाजवळ एकटीने थांबू द्यावे का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

त्रिशला समोर चहा घेत होती. तिला वाटलं, हा केवळ उपचार आहे. तास भरले, मनं मोकळी झाली, जखम बुजत आली.

पद्मलने पेन उचललं आणि ‘नाही’वर खूण केली.

“अक्का, राग मानू नका,” ती म्हणाली. “तुम्ही अजून चादर ओढता. उचलत न्हाई. घाई असली की ओढताच. सकाळीबी ओढलीत. आप्पांची नवी कातडी अजून कागदासारखी आहे.”

“पण तू तर मला क्षमा केलीस,” त्रिशलाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणीच तिला ते बालिश वाटलं.

“केली की. तवाच केली, मनापासून.” पद्मलने नमुना तिच्याकडे फिरवला आणि शिकाऊ व्यक्तीच्या सहीची जागा बोटाने दाखवली. “पण ती तुमची-माझी गोष्ट. ही पाठ आप्पांची आहे.”

त्रिशलाने त्या खुणेकडे बघितलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि यापेक्षा चोख नोंद तिच्या हाताखालून गेली नव्हती. तिने सही केली.

“आणखी किती तास?” तिने विचारलं.

“वीस लिहिते,” पद्मल म्हणाली. “चला उठा, दोन वाजले. तुम्ही पलीकडनं धरा.”